स्टॅन्फर्डचें रग्बीपर्व

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सान फ्रान्सिस्कोच्या उपसागराला धरून दोन नामांकित विद्यापीठें वसलेलीं आहेत. पूर्वतीरावर बर्कले येथें कॅलिफोर्निया संस्थानचें सरकारी विद्यापीठ. आणि दक्षिणेस पालो आल्टोजवळ, लीलंड स्टॅन्फर्ड नांवाच्या एका रेल्वेवाल्या धनिकानें व त्याच्या पत्नीनें आपल्या पंधराव्या वर्षीं वारलेल्या एकुलत्या एक मुलाच्या स्मरणार्थ स्थापन केलेलें स्टॅन्फर्ड विद्यापीठ. हें दुसरें विद्यापीठ १८९१ सालीं उघडलें आणि पुढल्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत दोहोंमध्यें फुटबॉलचा पहिला सामना झाला. त्या सामन्याची स्टॅन्फर्डच्या बाजूची व्यवस्था पाहणारांत हर्बर्ट हूव्हर नांवाचा एक विद्यार्थी होता. तोच पुढें १९२९ सालीं अमेरिकेचा अध्यक्ष झाला. तिकिटांचे पैसे मोजून घेण्याची सारी तजवीज त्या दिवशीं झाली होती, मात्र खेळण्यासाठीं चेंडू आणावयाचा राहून गेला होता, अशी गोष्ट तिकडे अद्याप मोठ्या चवीनें सांगतात. या दोन विद्यापीठांच्या वार्षिक झुंजीला ‘मोठा सामना’ एवढेंच नांव आहे. कोणाचा आणि कोणाशीं, हें विचारण्याची त्या प्रांतांत कोणास गरज पडत नाहीं.

या मोठ्या सामन्यांचे निकाल ओळीनें मांडलेले पाहूं लागलें, तर १९०६ ते १९१४ या नऊ ओळींपाशीं वाचणारा थबकतो. मागचेपुढचे आंकडे अमेरिकन फुटबॉलचे आहेत. हे नऊ मात्र रग्बीचे. स्वतःच्या देशांत घडविलेला, लोकांच्या डोक्यावर बसलेला असा खेळ दोन विद्यापीठांनीं एका वर्षांत टाकून द्यावा, इंग्लंडांतला खेळ पत्करावा, त्यांत जगांतील उत्तम संघांना बोलावून त्यांच्यापुढें उभें राहण्याइतकी हिंमत मिळवावी, आणि नऊ वर्षांनीं तोहि मोडावा, ही हकीकत वरवर पाहतां विक्षिप्तपणाची वाटेल. आम्हांस ती महत्त्वाची वाटते ती खेळाच्या वेडामुळें नव्हे. आम्ही स्वतः कॉलेजांत असतांना क्रिकेटच्या संघांत गुणलेखकाच्या पलीकडे आमची मजल गेली नाहीं. परंतु वरून आलेल्या हुकुमानें एखादी रीत तरुणांच्या अंगवळणीं पडते कीं नाहीं, आणि पडली तर ती टिकते कशाच्या बळावर, हा प्रश्न शिक्षकाच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला सहसा सोडीत नाहीं. आणि त्या प्रश्नाचा इतका स्वच्छ दाखला दुसरीकडे आमच्या पाहण्यांत नाहीं.

प्रथम जुन्या खेळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकेचा फुटबॉल हा मुळांत रग्बीचाच मुलगा. १८७४ सालीं कॅनडांतील मॅगिल विद्यापीठाच्या मुलांनीं हार्वर्डला येऊन आपल्या पद्धतीचें रग्बी खेळून दाखविलें, आणि तेथून तो अंडाकृति चेंडू पूर्वेकडील कॉलेजांत पसरला. रग्बींत खेळ अडला म्हणजे दोन्ही बाजूंचे पुढले गडी वांकून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. चेंडू मध्यें टाकलेला असतो आणि तो कोणत्या बाजूनें बाहेर पडेल याचा भरंवसा नसतो. या रेटारेटीला स्क्रम म्हणतात. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँप या बुद्धिमान गृहस्थाला ही अनिश्चितता रुचेना. त्याच्या पुढाकारानें १८८० सालीं असा नियम झाला, कीं अशा वेळीं चेंडू निःसंशय एकाच बाजूच्या ताब्यांत असावा. आणि १८८२ सालीं दुसरा नियम झाला, कीं त्या बाजूनें तीन प्रयत्नांत पांच यार्ड पुढें सरकलें पाहिजे, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाला द्यावा. दिसावयास हे दोन साधे नियम. पण त्यांनीं खेळाचा स्वभावच पालटला. आतां खेळ थांबत थांबत चालूं लागला आणि प्रत्येक थांब्याला पुढील चाल आधीं ठरवितां येऊं लागली. तीन प्रयत्नांत पांच यार्ड मिळवावयाचे, तर सर्वांत खात्रीचा मार्ग कोणता? चेंडूवाल्याला मध्यें घालून जड गड्यांची पाचर करावी आणि ती प्रतिपक्षाच्या दुबळ्या जागीं ठोकावी. १८९२ सालीं हार्वर्डनें तर धांवत येऊन आदळणारी पाचर काढली. ती लवकरच नियमानें बंद झाली, परंतु तिच्या चुलतबहिणी मैदानांवर राहिल्याच.

याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. १९०५ चा हंगाम संपला तेव्हां शिकागोच्या एका वर्तमानपत्रानें त्या हंगामांत मेलेल्या खेळाडूंची संख्या १८ आणि जबर जखमी झालेल्यांची १५९ अशी छापली. मेलेल्यांत कॉलेजांतल्यांपेक्षां हायस्कुलांतील मुलांचा भरणा अधिक होता. थोरल्या भावाचें पाहून धाकट्यानें करावें आणि त्याची किंमत धाकट्यानें भरावी, असा हा प्रकार. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे स्वतः मर्दानी खेळांचे भोक्ते; त्यांचा मुलगा त्याच वर्षीं हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघांत खेळत होता. त्यांनीं ९ ऑक्टोबर १९०५ रोजीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील खेळाच्या धुरीणांना आपल्या निवासस्थानीं बोलावून खेळ सुधारण्याविषयीं बजावलें. हंगामाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानें फुटबॉल अजीबात बंद केला. इतर पुष्कळ कॉलेजें एकत्र बसून नियम सुधारण्याच्या उद्योगास लागलीं, आणि त्या खटपटींतूनच आज अमेरिकेंतील कॉलेजी खेळांवर हुकमत चालविणारी संस्था जन्मास आली.

पश्चिम किनाऱ्यावरील दोन कुलगुरूंना मात्र ही डागडुजी पटली नाहीं. स्टॅन्फर्डचे डेव्हिड स्टार जॉर्डन हे मत्स्यशास्त्राचे जगन्मान्य पंडित. बर्कलेचे बेंजामिन आइड व्हीलर हे ग्रीक भाषेचे व तौलनिक भाषाशास्त्राचे. एकाची विद्या माशांची, दुसऱ्याची मृत भाषांची; मैदानावरील धक्काबुक्कीचा निवाडा करावयास हे दोघे बसले, ही गोष्ट त्या वेळीं कित्येकांना हास्यास्पद वाटली असल्यास नवल नाहीं. पण त्यांचा आक्षेप हाडें मोडण्यापुरता नव्हता. खेळाचें डोकें मैदानाबाहेर पगारी शिक्षकापाशीं आणि हातपाय मात्र विद्यार्थ्यांचे, ही वांटणीच विद्यापीठाला शोभत नाहीं, असें जॉर्डन यांचें म्हणणें होतें. रग्बींत खेळ थांबत नाहीं, म्हणून बाहेरून हुकूम पोंचत नाहीं. गड्याला धांवतां धांवतां स्वतःच विचार करावा लागतो. शिवाय चेंडू नसलेल्या माणसाला आडवें येऊन पाडण्याची रग्बींत मुभा नाहीं. त्यामुळें पाचर ठोकण्याचा धंदाच बुडतो. १९०६ सालीं दोन्ही विद्यापीठांनीं मिळून निर्णय केला, कीं यापुढें मोठा सामना रग्बीचा होईल.

या निर्णयाला एका योगायोगाची मदत झाली. न्यूझीलंडचा प्रसिद्ध काळ्या पोशाखाचा संघ इंग्लंड, फ्रान्स वगैरे देश फिरून त्याच वेळीं अमेरिकेच्या मार्गानें घरीं परतत होता. फेब्रुवारी १९०६ मध्यें त्यानें ब्रिटिश कोलंबियाच्या संघाशीं दोन सामने केले. एक बर्कलेस, दुसरा सान फ्रान्सिस्कोस. पहिल्यांत ४३–६ आणि दुसऱ्यांत ६५–६ अशी सरशी त्यानें केली. सामने एकतर्फी झाले खरे. पण चेंडू हातोहात फिरत मैदानाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकाला कसा जातो, आणि पंधरा माणसें एका मनाचीं असल्याप्रमाणें कशीं धांवतात, हें कॅलिफोर्नियाच्या लोकांनीं प्रथमच डोळ्यांनीं पाहिलें. एरव्हीं रग्बी हा त्यांना केवळ कागदावरचा खेळ राहिला असता.

आणि मग १८ एप्रिल उजाडला. पहांटे पांच वाजून बारा मिनिटांनीं सान फ्रान्सिस्कोचा तो भयंकर भूकंप झाला. स्टॅन्फर्डचें नवें ग्रंथालय व नवी व्यायामशाळा, दोन्ही पुरीं होण्यापूर्वींच कोसळलीं. स्मारक-प्रार्थनामंदिर विदीर्ण झालें. विद्यापीठाच्या आवारांत दोघांचा बळी गेला. उरलेलें सत्र बंद करून विद्यार्थी घरोघरीं पाठविले गेले. शरद् ऋतूंत ते परतले तेव्हां इमारतींना टेंकू लावलेले होते, विटामातीचे ढीग जागोजाग पडलेले होते, आणि मैदानावर मात्र त्यांना एक सर्वस्वीं अपरिचित खेळ शिकावयाचा होता.

हा पहिला हंगाम आम्हांस सर्वांत अधिक मनोवेधक वाटतो. संघाचा शिक्षक जेम्स लॅनॅगन हा जुनाच. १९०३ पासून त्यानें फुटबॉलचे विजयी संघ तयार केले होते. विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना हा बदल मुळींच पसंत नव्हता, आणि ती नापसंती त्यांनीं लपविलीहि नाहीं. ज्यानें दोन तीन वर्षें जुन्या खेळांत नांव कमावलें, त्याच्या दृष्टीनें हा अन्यायच होता. नुसतें नवें शिकावयाचें असतें तर गोष्ट वेगळी. येथें अंगांत मुरलेलें विसरावयाचें होतें. जुन्या खेळांत आपला माणूस चेंडू घेऊन निघाला, कीं त्याच्या पुढें धांवत जाऊन वाट मोकळी करणें हें सोबत्याचें कर्तव्य. रग्बींत तोच गुन्हा. तेथें सोबत्यानें नेहमीं चेंडूच्या मागें राहिलें पाहिजे, म्हणजे चेंडूवाला पकडला जातांच त्यानें बाजूला किंवा मागें फेकलेला चेंडू झेलतां येईल. जुन्या खेळांत पाडला गेलेला गडी चेंडू उराशीं घट्ट कवटाळून पडतो आणि पंचाच्या शिटीची वाट पाहतो. रग्बींत त्यानें चेंडू ताबडतोब सोडावयाचा असतो, कारण शिटी होतच नाहीं आणि खेळ त्याच्या अंगावरून पुढें जातो. पांच यार्डांच्या हिशेबावर वाढलेल्या मुलांना चेंडू आपण होऊन पायानें दूर उडवून देणें, म्हणजे हातांतला घांस दुसऱ्याच्या पानांत टाकण्यासारखें वाटलें असेल. पुन्हां, रग्बींत त्या काळीं बदली गडी घेतां येत नसे. पंधरा उतरले ते पंधराच. एकाचा पाय मुरगळला तर चौदा. केवळ वजनाच्या जोरावर संघांत असलेल्या धिप्पाड गड्याची धांव अर्ध्या तासांत संपे, आणि आजवर हलका म्हणून बाजूस बसविलेला चपळ मुलगा एकाएकीं उपयोगाचा ठरे.

अशा तऱ्हेनें विसरत आणि शिकत स्टॅन्फर्डचा संघ नोव्हेंबरांतल्या मोठ्या सामन्यापर्यंत आला. प्रतिपक्षहि तितकाच नवशिका होता, हें एका अर्थीं उभयतांचें भाग्य. त्या काळच्या नियमांप्रमाणें प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू नेऊन हातानें जमिनीस टेंकविला, म्हणजे ज्याला ‘ट्राय’ म्हणतात तें केलें, तर तीन गुण मिळत, आणि त्यानंतरची लाथ खांबांमधून गेली तर आणखी दोन. स्टॅन्फर्डनें हा पहिला सामना ६–३ असा जिंकला. आंकडा लहान, पण विद्यार्थ्यांची नाराजी विरघळावयाला विजयाइतकें दुसरें औषध नाहीं. पुढल्या वर्षीं निकाल २१–११ झाला आणि १९०८ सालीं १२–३. तिन्ही वेळां स्टॅन्फर्डच्याच बाजूनें. एकाच वर्षांत दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज नवांवरून बत्तिसांवर गेली, ही गोष्ट आम्हांस विजयापेक्षांहि बोलकी वाटते. पहिल्या वर्षीं दोघेहि चुकण्याच्या धाकानें खेळले असतील. दुसऱ्या वर्षीं त्यांना चेंडू खेळवितां येऊं लागला होता.

यानंतर पारडें फिरलें. बर्कलेनें १९०९ सालीं जेम्स शेफर याच्या हातीं संघ दिला, आणि लागोपाठ तीन वर्षें स्टॅन्फर्डला हार खावी लागली : १९–१३, २५–६, २१–३. १९१२ सालीं ३–३ अशी बरोबरी झाली. १९१३ सालीं स्टॅन्फर्डनें १३–८ असा आणि १९१४ सालीं २६–८ असा विजय मिळविला. नऊ वर्षांत पांच विजय, तीन पराजय व एक बरोबरी, असा हा जमाखर्च आहे. हुकुमानें आलेला खेळ एव्हांना चुरशीनें स्वतःचा झाला होता. नेव्हाडाचें विद्यापीठ १९०६ पासूनच या वाटेनें आलें होतें. सान्ता क्लारा येथील जेझुइटांचें कॉलेज आलें. दक्षिणेकडील एका विद्यापीठानेंहि १९११ ते १९१३ अशीं तीन वर्षें हा खेळ करून पाहिला. १९१० सालीं स्टॅन्फर्ड, कॅलिफोर्निया व नेव्हाडा येथील निवडक विद्यार्थी प्रशांत महासागर ओलांडून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडला जाऊन खेळून आले. १९१२ सालीं ऑस्ट्रेलियाचा संघ इकडे आला, तेव्हां अमेरिकेच्या नांवानें उभा राहिलेला पंधरा जणांचा संघ अवघ्या चार गुणांनीं, १२–८ असा हरला. सहा वर्षांपूर्वीं ज्यांनीं हा चेंडू असा खेळविला नव्हता, त्यांची ही प्रगति कोणत्याहि शिक्षकास अभिमान वाटावा अशीच म्हटली पाहिजे. त्या ऑस्ट्रेलियन संघांतील डॅनियल कॅरल हा तरुण तर परत गेलाच नाहीं. तो स्टॅन्फर्डमध्यें भूगर्भशास्त्र शिकावयास राहिला. त्याची गांठ पुढें पुन्हां पडेल.

या यशाच्या भरांत १९१३ सालीं न्यूझीलंडच्या संघाला आमंत्रण गेलें. ते आले, आणि त्यांनीं जें केलें त्याला धुव्वा याहून सौम्य शब्द नाहीं. अमेरिका व कॅनडा मिळून ते सोळा सामने खेळले, सोळाहि जिंकले. त्यांचे गुण झाले ६१०, आणि त्यांच्याविरुद्ध सर्वांचे मिळून झाले सहा. १५ नोव्हेंबर रोजीं बर्कले येथें अमेरिकेच्या निवडक संघाशीं झालेला सामना त्यांनीं ५१–३ असा जिंकला. सहांपैकीं तीन गुण या एका सामन्यांतले, एवढेंच यजमानांचें समाधान.

या पराभवानेंच कॅलिफोर्नियांतील रग्बीचा अंत झाला, असें सामान्यतः लिहिण्यांत येतें. सात वर्षें घाम गाळूनहि परक्यांच्या खेळांत आपण पोरच ठरतों, मग आपला खेळ काय वाईट होता, असा विचार पुष्कळांच्या मनांत त्या दिवशीं आला असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. तरी पण हा कार्यकारणभाव आम्हांस पुरता पटत नाहीं. त्यानंतरच्या वर्षीं, १९१४ सालीं, मोठा सामना रग्बीचाच झाला. दोस्ती तुटली ती १९१५ सालीं, आणि ती रग्बीवरून तुटलीच नाहीं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघांत घेऊं नये असें बर्कलेचें म्हणणें होतें. स्टॅन्फर्ड तें मान्य करीना. लहान विद्यापीठाला पहिल्या वर्षाचीं मुलें वगळणें परवडत नाहीं, आणि मोठ्याला त्यांची गरज नसते. दोघेहि आपापल्या परीनें बरोबर होते. भांडण विकोपास गेलें, बर्कलेनें स्टॅन्फर्डशीं संबंध तोडला आणि जुना अमेरिकन फुटबॉल पुन्हां सुरू केला. दहा वर्षांच्या खंडानंतर खेळलेल्या या स्वदेशी खेळांत वॉशिंग्टन विद्यापीठानें त्याच वर्षीं बर्कलेला ७२–० असें लोळविलें. ५१–३ ची लाज वाटून कोणी घरीं परतलें असेल, तर घरीं त्याचें स्वागत असें झालें.

आमच्या मतें खरें कारण याहून साधें आहे. खेळ टिकतो तो प्रतिपक्षावर. पूर्वेकडील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांपैकीं कोणीहि रग्बी पत्करलें नाहीं. उलट, तेथें जुन्या खेळाचे नियम १९०६ मध्यें बदलले. चेंडू पुढें फेकण्याची परवानगी मिळाली आणि तीन प्रयत्नांत पांचांऐवजीं दहा यार्ड मिळविण्याचें बंधन आलें. एवढ्यानें मृत्यु थांबले नाहींत. १९०९ सालीं पुन्हां कांहीं मुलें दगावलीं, तेव्हां १९१० मध्यें एकमेकांना धरून पाचर करणेंच नियमबाह्य ठरविण्यांत आलें. म्हणजे जॉर्डन व व्हीलर यांचा जो मूळ आक्षेप, तो हळू हळू पूर्वेकडेच दूर होत गेला. आणि त्याबरोबर पश्चिमेकडील प्रयोगाचें प्रयोजनहि झिजत गेलें. प्रामाणिकपणें पाहतां हें श्रेय पूर्वेला दिलें पाहिजे, जरी आमचें मन स्टॅन्फर्डकडे ओढ घेतें. कॅलिफोर्नियाचें रग्बी हें एक बेट होतें. जवळचा खरा तुल्यबळ शेजारी एकच, आणि त्याच्याशीं भांडण होतांच बेट पाण्याखालीं जाणार हें ठरलेलें होतें.

याला आपल्या देशांतला एक जुना दाखला आहे. कलकत्त्यांतील इंग्रजांनीं १८७३ च्या आरंभीं रग्बीचा क्लब काढला. दोन चार वर्षें तो झोकांत चालला. मग खेळणारी पलटण बदलून गेली, उरलेल्यांना पोलो व टेनिस बरें वाटूं लागलें, आणि खेळावयास समोर कोणी उरेना. सभासदांनीं शहाणपण असें केलें, कीं क्लबाची बँकेंतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवून त्यांचा चषक घडविला आणि १८७८ सालीं तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. झांकणावर हत्ती आणि कड्यांना नाग असलेल्या या चषकासाठीं १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड झुंजत आले आहेत. क्लब मेला आणि त्याचे रुपये मात्र अमर झाले. आमच्या स्वतःच्या अनुभवांतील गोष्ट इतकी उदात्त नाहीं. आम्ही पूर्वीं ज्या कॉलेजांत शिकवीत होतों, तेथें एका उत्साही प्राचार्यांनीं हॉकीचें सर्व सामान मागविलें. मुलें चार महिने आवडीनें खेळलीं. परंतु पन्नास मैलांच्या आंत हॉकी खेळणारें दुसरें कॉलेज नव्हतें; तिसऱ्या वर्षीं त्या काठ्या स्नेहसंमेलनाचा पडदा ताणून धरण्याच्या कामीं आल्या.

स्टॅन्फर्डनें मात्र हट्ट सोडला नाहीं. बर्कले गेल्यावर त्यानें सान्ता क्लाराशीं मोठा सामना लावला आणि १९१५, १९१६ व १९१७ अशीं तीन वर्षें रग्बी चालू ठेवलें. तोंवर अमेरिका महायुद्धांत उतरली होती. १९१८ सालीं सैनिकी शिक्षण घेणाऱ्या मुलांचा एक संघ स्टॅन्फर्डच्या नांवानें फुटबॉल खेळला आणि बर्कलेकडून ६७–० असा हरला. तो सामना स्टॅन्फर्ड आजहि हिशेबांत धरीत नाहीं. १९१९ सालीं मोठा सामना रीतसर परत आला, पण अमेरिकन फुटबॉलचा. बर्कलेनें तो १४–१० असा जिंकला. तेरा वर्षांपूर्वीं काढून टाकलेला खेळ त्याच मैदानांवर, जणूं मधल्या काळांत कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटानें, पुन्हां सुरू झाला.

घडलें होतें तें मुलांच्या अंगांत उरलें होतें. १९२० सालीं बेल्जमांतील अँटवर्प येथें ऑलिंपिक सामने झाले. रग्बीसाठीं अमेरिकेनें जो संघ पाठविला, तो जवळ जवळ सगळा स्टॅन्फर्ड, बर्कले व सान्ता क्लारा येथील आजीमाजी विद्यार्थ्यांचा होता. समोर प्रतिपक्ष एकच, फ्रान्स. आणि फ्रान्सला अमेरिकेंत रग्बी खेळतात हें फारसें ठाऊकहि नव्हतें. ५ सप्टेंबर रोजीं अमेरिकेनें ८–० असा सामना जिंकला. संघांत स्टॅन्फर्डचा मॉरिस कर्कसी होता. त्यानें त्याच ऑलिंपिकांत शंभर मीटरच्या शर्यतींत दुसरा क्रमांक मिळविला, चौघांच्या धांवेंत सुवर्णपदक मिळविलें आणि रग्बीचें दुसरें. आणि संघांत होता वर उल्लेखिलेला डॅनियल कॅरल; त्यानें १९०८ सालीं लंडन येथें ऑस्ट्रेलियाकडून हेंच सुवर्णपदक मिळविलें होतें. या अँटवर्पच्या मेळाव्याशीं आमच्या पुण्याचाहि एक धागा आहे. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर निवडलेले आणि सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानें गेलेले हिंदुस्थानचे धांवपटू व मल्ल त्याच शहरीं उतरले होते. बेळगांवकडील फडेप्पा चौगुले यानें २२ ऑगस्टच्या मॅरेथॉन शर्यतींत एकोणिसावा क्रमांक पटकावला. १९०६ सालीं स्टॅन्फर्डनें नवा खेळ धरला आणि त्याच सालीं पुण्यांत जिमखाना स्थापन झाला, या योगायोगाचें आम्हांस अंमळ कौतुक वाटतें. त्यांतून कोणता सिद्धांत काढावा असें मात्र नाहीं.

चार वर्षांनीं पॅरिस येथें पुन्हां तोच प्रसंग आला. एव्हांना कॅलिफोर्नियाच्या कॉलेजांतून रग्बीचा मोठा सामना नाहींसा होऊन बरींच वर्षें उलटलीं होतीं. संघ जमविला तो कोठें फुटबॉल खेळणारा, कोठें धंद्याला लागलेला, असा एकेक गडी हुडकून. सान्ता क्लाराचा रूडी शोल्झ याच्यासारखे अँटवर्पचे कांहीं जुने गडी त्यांत होतेच. कर्णधार कोल्बी स्लेटर. फ्रान्सच्या लोकांना या वेळीं अँटवर्पचें उट्टें काढावयाचें होतें. १८ मे १९२४ रोजीं कोलोंब येथील मैदानावर जमलेल्या हजारों प्रेक्षकांनीं आरंभापासून अमेरिकन गड्यांवर ओरडा केला, आणि शेवटीं विजेत्यांचें राष्ट्रगीत वाजलें तेंहि त्या गदारोळांत बुडालें. निकाल १७–३ असा अमेरिकेकडे गेला. गड्यांना बंदोबस्तांत मैदानाबाहेर न्यावें लागलें.

त्यानंतर पंधरा गड्यांचें रग्बी ऑलिंपिकमधून काढून टाकण्यांत आलें. २०१६ सालीं रिओ येथें रग्बी परत आलें तें सात गड्यांचें, आणि पुरुषांचें सुवर्णपदक फिजी बेटांच्या संघानें मिळविलें. पंधरांच्या खेळाचें शेवटचें ऑलिंपिक विजेतेपद अशा रीतीनें अमेरिकेच्याच नांवावर राहून गेलें आहे. स्टॅन्फर्डमध्यें रग्बी आजहि खेळतात, पण तें विद्यार्थ्यांच्या क्लबाचें. उपसागरापलीकडे बर्कलेला, जेथें १९१५ सालीं हा खेळ प्रथम टाकला गेला, तेथें तो विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त खेळांत गणला जातो. कॉलेजांचें राष्ट्रीय अजिंक्यपद त्या संघानें इतक्या वेळां जिंकलें आहे, कीं अमेरिकेंत कॉलेजच्या रग्बीची गोष्ट निघाली, कीं पहिलें नांव त्याचेंच येतें. मोठा सामना मात्र अजून अमेरिकन फुटबॉलचाच होतो.